पिण्यासाठी पावसाचे पाणी: फिल्टरच्या आधी छप्पर, पन्हळ आणि टाकी

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरावर पत्र्याचे दुपाखी छप्पर आहे, एकूण सुमारे ६० चौरस मीटर. घरात माणसे पाच. पावसाचे पाणी टाकीत साठवून कोरड्या महिन्यांत प्यायला आणि स्वयंपाकाला वापरायचे आहे. टाकीच्या तोंडाशी २०० लिटरच्या ड्रममध्ये खडी, वाळू आणि कोळसा भरून फिल्टर बसवला, तर टाकीतले पाणी थेट पिता येईल का?

थेट पिता येणार नाही. आणि त्या ड्रमवर जेवढी मेहनत घ्यायचे ठरवले आहे, तेवढी छपरावर, पन्हळीवर आणि टाकीच्या तोंडावर घेतली तर पाणी कितीतरी चांगले मिळेल. सुरुवात ड्रमपासूनच करतो, कारण बहुतेकांचा भरवसा त्याच्यावरच असतो.

वाळूतून पाणी जाताना जंतू अडायचे असतील तर वाळू बारीक हवी, साधारण ०.१५ ते ०.३ मिलिमीटरची, आणि पाणी अतिशय संथ उतरायला हवे: तासाला १० ते २० सेंटिमीटर. शिवाय ती वाळू सतत पाण्याखाली राहायला हवी, म्हणजे तिच्या वरच्या थरात जंतूंना खाणारा जैविक साका तयार होतो. २०० लिटरच्या ड्रमचे तोंड सुमारे पाव चौरस मीटर असते. म्हणजे त्यातून तासाला २५ ते ५० लिटर पाणी नीट गाळले जाईल. आता छपराकडे पाहा. तासाला ६० मिलिमीटर वेगाची सर आली तर ६० चौरस मीटरवरून तासाला ३,६०० लिटर पाणी येते, सेकंदाला एक लिटर. हे पाणी त्या ड्रममधून जाणारच नाही; वरून वाहून जाईल. ते जावे म्हणून जाडी वाळू आणि खडी भरली, तर पाणी जाईल, पण त्याबरोबर जंतूही आरामात जातील. अडेल फक्त काडीकचरा आणि जाडसर कण, आणि त्यासाठी साधी जाळी पुरते.

याहून वाईट गोष्ट दोन पावसांच्या मधल्या काळात होते. ओली वाळू, तिच्यात अडकलेली पाने, पक्ष्यांची विष्ठा आणि ओला कोळसा हे सगळे उबेला दिवसच्या दिवस पडून राहते. कोळशाच्या छिद्रांत जंतू वाढतात. पुढची सर आली की हा सगळा ऐवज टाकीत धुऊन जातो. चुलीतला साधा कोळसा म्हणजे सक्रिय कार्बन नव्हे, त्यामुळे रसायने शोषण्याचा फायदाही फारसा मिळत नाही. म्हणून टाकीच्या तोंडाशी असा ड्रम बसवू नका. घाण टाकीत शिरण्याआधी बाहेर काढा, आणि जंतूंचा बंदोबस्त टाकीतून काढलेल्या पाण्यावर करा. पुढचे सगळे या दोन कामांभोवती आहे.

आधी हिशेब

पिणे आणि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला ६ लिटर धरा. पाच जणांचे ३० लिटर. कोरडे दिवस २१० असतील तर ६,३०० लिटर. टाकीच्या तळाचे पाणी वापरायचे नसते, काही पाणी धुण्यात जाते आणि पाऊस कधी उशिरा येतो. म्हणून ८,००० लिटरची साठवण ठेवा. अंघोळ आणि धुण्याभांड्यांचे पाणी यात अजिबात धरू नका. त्याला वेगळी टाकी असू द्या. पिण्याच्या टाकीला सगळ्या घराचा वापर जोडला की ती मध्येच रिकामी होते आणि मग कुठलेही पाणी आणून तिच्यात ओतले जाते.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पत्र्यावरून त्यातले ८० टक्के हाती लागते असे धरून चाला. बाकीचे उडते, सांडते, वाळते. संपूर्ण ६० चौरस मीटर घेतले तर प्रत्येक मिलिमीटरला ४८ लिटर मिळतात. ८,००० लिटरला १६७ मिलिमीटर पाऊस पुरतो. अर्धेच छप्पर, म्हणजे एकच पाख घेतली तरी ३३३ मिलिमीटरमध्ये काम होते.

हा हिशेब मुद्दाम मांडला, कारण त्यातून एक सोय निघते. तुमच्याकडे वर्षाला याच्या दुप्पट पाऊस पडत असेल तर सगळे छप्पर जोडायची गरजच नाही. जी पाख झाडाखाली नाही, जिच्यावर धुराडे उघडत नाही, जिच्यावर पक्षी बसत नाहीत, तेवढीच पिण्याच्या टाकीला जोडा. आणि पाणी पुरून उरणार असेल तर सुरुवातीचे घाण पाणी सोडून देताना हात आखडता घेऊ नका. यापुढचे आकडे एका पाखेचे, ३० चौरस मीटरचे आहेत.

छप्पर

पत्रा चांगला. उन्हात तापतो, लवकर वाळतो आणि त्यावर जंतू फार टिकत नाहीत. भाजलेली कौले आणि घट्ट, गुळगुळीत काँक्रीट चालते, फक्त शेवाळ धरू देऊ नका. गवत-पाल्याचे छप्पर पिण्याच्या पाण्यासाठी घेऊ नका: पाणी पिवळे पडते, किडे आणि उंदीर त्यात घर करतात आणि ते धुताही येत नाही. डांबर फासलेल्या छपराच्या पाण्याला वास येतो. जुना रंग शिशाचा असू शकतो. सांध्यांवर शिशाची पट्टी मारलेली असेल तर ती काढून टाका किंवा ती पाख सोडून द्या.

हे धातूंचे प्रकरण पावसाच्या पाण्यात जास्त जपावे लागते. स्वच्छ हवेतल्या पावसाचा पीएच सुमारे ५.६ असतो, म्हणजे किंचित आम्ल. क्षार जवळजवळ नसतात. असे पाणी शिसे, तांबे, जस्त चटकन विरघळवून घेते. विहिरीच्या जड पाण्यात पाइपला आतून क्षारांचा थर बसतो आणि धातू झाकला जातो. इथे ते संरक्षण मिळत नाही. म्हणून डाग देताना शिशाचे मिश्रण नको, जुने पितळी नळ नकोत, आणि रसायनात मुरवलेले लाकूड पाण्याच्या वाटेत कुठेही नको. उकळून शिसे जात नाही, क्लोरीननेही जात नाही. ते पाण्यात येऊ न देणे एवढाच घरगुती उपाय आहे.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. तो कापू नका, भोके पाडू नका, घासू नका, जोराच्या पाण्याने धुऊ नका. त्याची धूळ श्वासात जाणे घातक आहे. पिण्यासाठी दुसरे छप्पर निवडा.

छपरावर आलेल्या फांद्या मागे छाटा. पाने पडतात हे एक कारण, पण उंदीर, खारी आणि मांजरे फांदीवरूनच छपरावर येतात हे मोठे कारण. छपरावरची तार किंवा अँटेना ही पक्ष्यांची बैठक असते. तिच्या खालीच विष्ठेचे पांढरे डाग दिसतील. ती हलवा.

पन्हळ आणि जाळी

दर चौरस मीटर छपराला पन्हळीच्या छेदाचा किमान एक चौरस सेंटिमीटर, हा ठोकताळा कामाला येतो. ३० चौरस मीटरला ३० चौरस सेंटिमीटर. १० सेंटिमीटर रुंद अर्धगोल पन्हळीचा छेद ३९ भरतो, म्हणजे जेमतेम. सरी जोरदार असतील तर साडेबारा सेंटिमीटरची घ्या. उतार मीटरला १ सेंटिमीटर. आधार ६० सेंटिमीटरवर एक, नाहीतर पन्हळ भरल्यावर मध्ये झोळ पडतो. झोळात पाणी साचते, पाने कुजतात, डास अंडी घालतात, आणि पुढच्या पावसात ते सगळे टाकीकडे निघते. पन्हळ बसवून झाली की वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओता आणि कुठे थांबते ते पाहा. थांबले तर आधार त्याच वेळी उचलून घ्या.

पन्हळीवर सपाट जाळी टाकण्यापेक्षा उभ्या पाइपच्या तोंडाशी तिरकी जाळी लावा, साधारण ५ मिलिमीटर छिद्राची. तिरकी असली की पाने घसरून बाहेर पडतात. सपाट जाळीवर पानांचा थर बसतो आणि सगळे पाणी त्या कुजक्या थरातून गाळून येते. टाकीत शिरण्याच्या ठिकाणी दुसरी, १ मिलिमीटरची किंवा त्याहून बारीक जाळी हवी, ती डासांसाठी. स्टेनलेस स्टीलची घ्या. नायलॉनची जाळी उन्हाने ठिसूळ होते आणि उंदीर ती कुरतडतात.

उभा पाइप जमिनीत उतरून पुन्हा वर चढत टाकीला मिळतो, अशी जोडणी शक्यतो टाळा. त्या खोलगट भागात पाणी कायम साचून सडते. टाळता येत नसेल तर सर्वांत खालच्या जागी सोडनळ बसवा आणि प्रत्येक पावसानंतर उघडा.

पहिले पाणी सोडून देणे

संपूर्ण व्यवस्थेतला सर्वांत मोलाचा भाग हा आहे. छपरावर साठलेली धूळ, विष्ठा, काजळी यांतला मोठा हिस्सा पावसाच्या पहिल्या पाण्यात धुऊन निघतो. तेवढे पाणी टाकीत जाऊ दिले नाही तर पुढची निम्मी डोकेदुखी संपते.

चौरस मीटरला किमान १ लिटर सोडा; धूळ किंवा पक्षी जास्त असतील तर २ लिटर. ३० चौरस मीटरला ३० ते ६० लिटर. ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपमध्ये मीटरला सुमारे साडेआठ लिटर मावतात, १६० मिलिमीटरच्या पाइपमध्ये सुमारे १८. म्हणजे १६० चा १.७ मीटर पाइप ३० लिटर धरतो, ३.३ मीटर पाइप ६० लिटर. ११० चाच वापरायचा तर ३० लिटरलाही साडेतीन मीटर लागेल. लोक बहुधा ११० चा एक मीटर तुकडा लावतात आणि काम झाले समजतात. त्याने साडेआठ लिटर सुटतात. बाकीची घाण टाकीत जाते.

रचना सोपी आहे. पन्हळीकडून येणाऱ्या पाइपवर टी (तीन तोंडांचा जोड) बसवा. टीच्या खाली हा जाड उभा पाइप, आडव्या बाजूने टाकीकडे जाणारी वाट. पहिले पाणी खालच्या पाइपात भरत जाते. आत एक पोकळ प्लॅस्टिकचा चेंडू तरंगत वर येतो आणि वरच्या अरुंद कड्यावर बसून वाट बंद करतो. त्यानंतरचे स्वच्छ पाणी टाकीकडे वळते. चेंडू नसेल तर वरून पडणाऱ्या पाण्याने खालचे घाण पाणी ढवळले जाऊन थोडे थोडे टाकीत जात राहते. पाइपच्या तळाला आट्यांचे झाकण लावा, चिकटवून बंद करू नका. बाजूला एक लहान तोटी, आणि तोटीच्या आत बारीक जाळी.

ही तोटी कायम किंचित उघडी ठेवायची असते, म्हणजे पुढच्या पावसापर्यंत पाइप आपोआप रिकामा होतो. ३० लिटरचा पाइप एका दिवसात रिकामा व्हायला हवा. पाणी उतरेल तशी धार मंदावते, हे धरून तोटी अशी लावा की पाइप काठोकाठ भरलेला असताना २०० मिलिलिटरचा पेला सुमारे ५ मिनिटांत भरेल. पेला तासाभराने भरत असेल तर पाइप वेळेत रिकामा होणार नाही. अर्ध्या मिनिटात भरत असेल तर पाऊस चालू असतानाच पाणी वाया जाईल.

बिघाड नेमका इथेच होतो. तोटीत कचरा अडकतो, पाइप भरलेलाच राहतो, आणि पुढच्या पावसाचे पहिले पाणी सरळ टाकीत जाते. बाहेरून काहीच कळत नाही. पाऊस थांबून २४ तास झाले की पाइपवर टिचकी मारून पाहा: रिकाम्याचा आवाज पोकळ येतो, भरलेल्याचा बद्द. बद्द आला तर खालचे झाकण उघडा, चिखल काढा, जाळी धुवा. मोसमात हे काम आठवड्याला एकदा.

दीर्घ कोरड्या काळानंतरचा पहिला पाऊस मात्र या पाइपच्या आवाक्यातला नसतो. त्यासाठी टाकीकडे जाणाऱ्या वाटेवर बॉल व्हॉल्व्ह ठेवा आणि पाणी बाहेर सोडणारी वेगळी वाट द्या. मोसमातल्या पहिल्या एक-दोन चांगल्या सरी पूर्ण सोडून द्या, छपराचे पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसू लागले की व्हॉल्व्ह उघडा. जवळपास आग लागून राख पडली असेल, शेतावर औषध फवारले जात असेल, छपराला रंग दिला असेल, तेव्हाही हाच व्हॉल्व्ह बंद करायचा.

टाकी

८,००० लिटरची एक टाकी करण्यापेक्षा ४,००० च्या दोन करा. एक धुताना दुसरी चालू राहते. एकीत काही पडून पाणी बिघडले तरी घर कोरडे पडत नाही. भरलेली ४,००० लिटरची टाकी ४ टनांहून जड असते, तेव्हा तळ धुमस केलेल्या जमिनीवर सपाट, सळ्या घातलेल्या काँक्रीटचा असावा. प्लॅस्टिकच्या टाकीचा संपूर्ण बूड टेकायला हवा. विटांच्या दोन रांगांवर ठेवलेली टाकी पुढेमागे चिरते.

टाकी अपारदर्शक हवी. उजेड शिरला की शेवाळ धरते. झाकण घट्ट, कुलूप लावता येईल असे, कड बाहेरून खाली वळलेली. मुले टाकीत पडण्याचा धोका खरा आहे, त्यामुळे जमिनीलगतच्या टाकीला कुलूप हवेच. बाहेर उघडणाऱ्या प्रत्येक वाटेला, मग ती हवेची नळी असो वा ओव्हरफ्लो, बारीक जाळी. डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत उबदार हवेत ७ ते १० दिवस पुरतात, आणि बोटभर फट पुरते.

आत येणारा पाइप तळापर्यंत न्या आणि त्याचे तोंड वरच्या दिशेला वळवा. वरून धो धो पडणारे पाणी तळाचा गाळ ढवळते. वर वळलेल्या तोंडातून ते शांत पसरते. हा गाळ ढवळू न देणे महत्त्वाचे आहे. टाकीत पाणी निवांत राहिले की कण खाली बसतात, त्यांना चिकटलेले जंतूही खाली जातात आणि काही दिवसांत वरच्या पाण्यातली जंतूंची संख्या घटते. मोठी सर येऊन गेल्यावर निदान दोन दिवस त्या टाकीला हात लावू नका. दोन टाक्या असण्याचा हा आणखी एक फायदा.

पाणी काढायची वाट तळापासून १५ सेंटिमीटर वर ठेवा. त्याहून चांगली सोय म्हणजे तरंगती नळी: लवचीक नळीच्या टोकाला तरंगणारा गोळा, आणि तोंड पृष्ठभागाच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली. पृष्ठभागावरचा तवंग आणि तळाचा गाळ दोन्ही टळतात. नळी खाद्यदर्जाची घ्या. बागेच्या नळीचा वास पाण्याला लागतो. तळाला गाळ सोडण्यासाठी मोठी तोटी, आणि ओव्हरफ्लो आत येणाऱ्या पाइपएवढा किंवा मोठा. तो लहान ठेवला तर मोठ्या पावसात झाकणाखालून पाणी उसळते आणि झाकणावरची घाण आत घेऊन येते.

पाणी नेहमी नळाने काढा. बादली किंवा तांब्या टाकीत बुडवला की वरची सगळी मेहनत एका मिनिटात वाया जाते.

जमिनीखालची टाकी असेल तर तोंड जमिनीपासून किमान ३० सेंटिमीटर वर उचला आणि शौचालयाचा खड्डा व शोषखड्ड्यापासून ती लांब ठेवा. ३० मीटर अंतर मिळाले तर उत्तम. भूजल वर येणाऱ्या जागी रिकामी टाकी खालून उचलली जाऊन तडकते, म्हणून तिथे ती पूर्ण रिकामी करून ठेवू नका. नवी सिमेंटची टाकी पहिल्यांदा भरली की पाणी काही दिवस ठेवून सोडून द्या. नवे सिमेंट पाण्याचा पीएच बराच वर नेते, पाणी बुळबुळीत लागते, आणि पीएच ८ च्या वर गेला की क्लोरीनचा जोरही कमी होतो.

प्यायच्या आधी

एवढे सगळे केल्यावर पाणी काचेसारखे दिसेल. तरीही ते निर्जंतुक केल्याशिवाय पिऊ नका. पक्ष्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर येतात, उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरा येतो, आणि यांतले काहीही डोळ्यांना दिसत नाही.

उकळणे सर्वांत खात्रीचे. मोठे बुडबुडे येऊन पाणी खदखदू लागले की एक मिनिट. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरपेक्षा उंच राहत असाल तर तीन मिनिटे. झाकून त्याच भांड्यात थंड होऊ द्या. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, पण उकळल्यावर मरतो. म्हणून तान्ही बाळे, गरोदर बाई, म्हातारी माणसे किंवा प्रतिकारशक्ती खालावलेला रुग्ण घरात असेल तर त्यांचे पाणी उकळलेलेच असू द्या.

रोजच्या वापराला क्लोरीन स्वस्त आणि सोयीचे. टाकीत ओतण्याऐवजी रोज काढलेल्या पाण्यात घाला. टाकीत घातलेले क्लोरीन गाळात आणि भिंतींवरच्या थरातच खर्ची पडते, पुढचा पाऊस नवे जंतू आणतो, आणि मनात मात्र खोटा दिलासा राहतो.

आधी १ टक्क्याचे द्रावण करा. ताज्या, ३३ टक्के क्लोरीनच्या ब्लीचिंग पावडरचे ३० ग्रॅम थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, एक लिटरपर्यंत पाणी घाला, ढवळा आणि तासभर बसू द्या. वरची निवळी गडद रंगाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरा; तळाचा चुना टाकून द्या. बाटलीवर तारीख आणि नाव लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा आणि आठवड्याने नवे करा. या द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम क्लोरीन असते. २० लिटर स्वच्छ पाण्याला ४ मिलिलिटर घातले की लिटरला २ मिलिग्रॅम होते. सुई नसलेल्या सिरिंजने मोजा; झाकणाच्या किंवा चमच्याच्या अंदाजावर जाऊ नका. ढवळून अर्धा तास झाकून ठेवा, पाणी फार गार असेल तर तासभर.

मात्रा पुरली का, हे चाचणीपट्टीने कळते. अर्ध्या तासानंतर लिटरला किमान ०.५ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन उरायला हवे, आणि भांड्यात २४ तास राहिल्यावरही ०.२. कमी भरले तर पावडर जुनी झाली आहे किंवा पाण्यात सेंद्रिय घाण आहे. त्या दिवशी मात्रा दुप्पट, ८ मिलिलिटर करा आणि कारण शोधा. ओलसर जागी उघडी राहिलेली ब्लीचिंग पावडर काही आठवड्यांतच दम सोडते. सुगंधी ब्लीच किंवा पोहण्याच्या तलावाच्या गोळ्या वापरू नका. पिण्याच्या पाण्यासाठी असा स्पष्ट उल्लेख असलेलेच उत्पादन घ्या. आणि क्लोरीनचे कुठलेही द्रावण आम्लाच्या किंवा अमोनियाच्या सफाईद्रव्यात मिसळू नका, विषारी वायू निघतो.

पाणी गढूळ असेल तर क्लोरीन आधी गढूळपणातच खर्ची पडते. ते बसू द्या आणि घट्ट विणीच्या स्वच्छ कापडाच्या चार घड्यांतून गाळा. तुरटी फिरवायचा मोह होतो, पण पावसाच्या पाण्यात ती नीट चालत नाही. तुरटीचे पुंजके बनायला पाण्यात क्षारता लागते आणि ती इथे जवळजवळ नसते. पाणी आणखी आम्ल होते आणि ॲल्युमिनियम विरघळलेलेच राहते.

इंधन आणि क्लोरीन दोन्ही नसताना ऊन कामी येते. दोन लिटरपर्यंतच्या पारदर्शक, बिनरंगी पेट बाटल्या भरून सहा तास कडक उन्हात आडव्या ठेवा. आभाळ निम्म्याहून जास्त भरलेले असेल तर सलग दोन दिवस. सतत पाऊस असताना हा उपाय नाही.

वीज असेल तर ५ मायक्रॉनचा गाळणकाडतूस आणि त्यापुढे यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा ही जोडी चांगली. दिवा दिसायला पेटत असला तरी त्याचा जोर ओसरतो, तेव्हा बनवणाऱ्याने सांगितलेल्या मुदतीला, बहुधा वर्षाने, तो बदला. यूव्हीनंतर पाण्यात राखण करणारे काही उरत नाही, म्हणून ते लगेच वापरायचे. ०.१ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक छिद्रांचे अल्ट्राफिल्टर जिवाणू आणि परजीवी अडवतात. आरओ मात्र या पाण्यासाठी घेऊ नका. ते क्षार काढायचे यंत्र आहे. पावसाच्या पाण्यात काढण्याजोगे क्षारच नसतात, आणि साठवलेल्या पाण्यातले बरेचसे ते वाया घालवते.

घरातले भांडे अरुंद तोंडाचे, झाकणाचे आणि तोटीचे असावे. निर्जंतुक पाण्यात हात बुडला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तपासणी आणि सफाई

पाणी वापरात घेताना आणि पुढे दर मोसमात एकदा प्रयोगशाळेत द्या. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण असलेला जिवाणू) एकही नसावा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. पहिल्या वेळी शिसे, जस्त आणि पीएचही तपासून घ्या. कारखाने, भट्ट्या किंवा मोठा रहदारीचा रस्ता शेजारी असेल तर धातूंची तपासणी टाळू नका.

पाऊस सुरू होण्याआधी वर्षातून एकदा टाकी धुवा. पाणी सोडा, गाळ काढा, भिंती ब्रशने घासा. मग १० लिटर पाण्यात १ टक्क्याचे २०० मिलिलिटर द्रावण मिसळून भिंती आणि तळ पुसून घ्या, अर्धा तास ओले ठेवा आणि धुऊन टाका. साबण वापरू नका. टाकीत उतरावे लागत असेल तर आधी झाकण बराच वेळ उघडे ठेवून हवा खेळू द्या, बाहेर दुसरा माणूस उभा असल्याशिवाय उतरू नका, आणि क्लोरीनचे काम शक्यतो बाहेरूनच लांब दांड्याच्या ब्रशने करा. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो. आत कोसळलेल्या माणसाला काढायला दुसऱ्याने लगेच उडी घेणे, यात दोघांचेही जीव जातात. त्याला बाहेरून ओढून काढता येईल असा दोर उतरणाऱ्याच्या कमरेला आधीच बांधा.

पाणी बिघडले की ते स्वतःच खुणा देते. सडक्या अंड्यांचा वास म्हणजे तळाला पानांचा गाळ कुजतोय. टाकी उपसा आणि जाळ्या पाहा. हिरवट रंग म्हणजे कुठून तरी उजेड येतोय. पिवळसर-तपकिरी रंग म्हणजे पन्हळीत पाने भिजत पडली आहेत. सकाळच्या पहिल्या पाण्याला धातूची चव येत असेल तर रात्रभर पाइपात राहिलेले पाणी सोडून द्या आणि जोड-नळ तपासा. डासांच्या अळ्या दिसल्या तर जाळी कुठे फाटली आहे ते शोधून ती आधी बदला. नुसत्या अळ्या गाळून काढल्या तर आठवड्यात नव्या येतील.

टाकीत मेलेला पक्षी, पाल किंवा उंदीर सापडला तर पाणी वाचवायचा प्रयत्न करू नका. पूर्ण सोडा, वर सांगितल्याप्रमाणे धुवा आणि नव्याने भरा. ते पाणी आधीच प्यायले गेले असेल आणि कोणाला ताप किंवा जुलाब असतील तर डॉक्टरांना पाण्याची गोष्ट आवर्जून सांगा. पाऊस नसल्यामुळे पाणी सोडणे अगदीच अशक्य असेल, तर ते झाडांना आणि सफाईला ठेवा आणि पिण्यासाठी दुसऱ्या टाकीवर या. नव्याने भरलेल्या ४,००० लिटरच्या टाकीत त्यानंतर एकदाच, ३३ टक्क्यांच्या पावडरचे ६० ग्रॅम बादलीत कालवून त्याची निवळी घाला, म्हणजे लिटरला ५ मिलिग्रॅम क्लोरीन होईल. २४ तास थांबा. त्यानंतर पट्टीवर क्लोरीन २ मिलिग्रॅमच्या खाली आले की पाणी वापरायला घ्या. ०.५ किंवा जास्त उरले असेल तोवर वेगळी मात्रा नको. त्याखाली उतरले की रोजचे ४ मिलिलिटर पुन्हा सुरू करा.